दिवा अर्ध्यावर लाव

सकाळचे साडेनऊ वाजलेत. पाऊस रात्रीपासून धरून बसलाय. भाईंदर पूर्वेला, नवघर रोडच्या आतल्या गल्लीतल्या आमच्या सात मजली इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकली आहे, आणि आत पाचव्या मजल्यावरच्या आजी आहेत. एका हातात दुधाची पिशवी, दुसऱ्या हातात पुडीतली फुलं. तिसऱ्या मजल्यावरून मान वर केली की जाळीच्या दरवाजातून त्यांच्या लुगड्याचा काठ आणि पावलं दिसतात.

मशीनरूमची किल्ली माझ्याकडे असते, म्हणून मी मिस्त्रींच्या मागोमाग जिना चढतोय. मिस्त्री साठीला आलेत. चाळीस वर्षं लिफ्टच्याच कामात. गिरगावातल्या, फोर्टातल्या जुन्या लिफ्टवर हेल्पर म्हणून लागले, आणि मिठागरांच्या कडेने इकडे इमारती उठू लागल्या तसे तेही इकडे आले. सोबत आयटीआय करून नुकताच कामाला लागलेला एक पोरगा आहे. तो त्यांना काका म्हणतो, आम्ही सगळे मिस्त्री म्हणतो.

मला वाटतं, ते तडक गच्चीवर जातील. ते तिसऱ्या मजल्यावर थांबतात.

"आजी, मी लिफ्टवाला आलोय. श्वास नीट येतोय ना?"

"येतोय रे बाबा. पण ही खाली नाही ना पडायची?"

"नाही पडायची. तीन दोर आहेत, आणि त्यातला एकटा दोरसुद्धा तुम्हाला धरून ठेवील. फक्त गेटला हात लावू नका. खाली बसून घ्या. थोड्या वेळाने लिफ्ट हळूहळू वर सरकेल, ती मीच सरकवतोय असं समजा."

आजी बसतात. फुलांची पुडी मांडीवर घेतात. मग मिस्त्री पोराकडे वळतात. "तू चौथ्यावर उभा राहा, फोन चालू ठेव. मी 'हलवतो' म्हटलं की आजींना सांगायचं, त्या 'बरं' म्हणाल्या की मला सांगायचं. तुझा शब्द आल्याशिवाय मी ब्रेकला हात लावणार नाही."

गच्चीवरून लोखंडी शिडी चढून मशीनरूममध्ये जायचं. शिडीवरून उत्तरेकडे पाहिलं की वसईची खाडी, मधलं पाणजू बेट आणि रेल्वेचा पूल पावसात पुसट दिसतात. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो आणि येताना मीठ घेऊन येतो. आमच्या गच्चीवरचे टाकीचे कठडे दर दोन वर्षांनी रंगवावे लागतात, तरी गंजतातच. लिफ्टमध्ये तर शेकडो ठिकाणी तांबं तांब्याला टेकून काम करत असतं. या खाडीकाठच्या गावात लिफ्टवाल्याचं निम्मं आयुष्य गंजाशी भांडण्यात जातं, असं मिस्त्री मागे एकदा म्हणाले होते.

खोलीत गरम तेलाचा वास आहे. मधोमध लोखंडी बैठकीवर मोटर, तिला जोडलेली गियरपेटी, बाजूला मोठी पुली आणि पुलीवरून खाली उतरणारे तीन दोर. भिंतीला कंट्रोलरचं पॅनेल. त्यात रिले आणि कॉन्टॅक्टर ओळीने बसवलेले, एकही छापील बोर्ड नाही. दाराशेजारी चौकटीत सरकारी परवाना लटकतोय. त्यावर लिफ्टला 'उद्वाहन' म्हटलंय. मुंबई प्रांतात लिफ्टचा कायदा १९३९ सालचा, त्याच्या जागी राज्याने २०१७ साली नवा कायदा केला. आमच्या लिफ्टने दोन्ही पाहिलेत.

मिस्त्री आधी मेन स्विच पाडतात. एवढ्यावर भागत नाही. तिन्ही फ्यूजच्या चिमण्या उपसतात आणि शर्टाच्या खिशात टाकतात, वर बटण लावतात. "स्विच कोणीही वर करू शकतो. खिशातला फ्यूज फक्त माझा." मला हे पाहूनच बरं वाटतं.

मग ते दोरांपाशी वाकून टॉर्च मारतात. दोरांवर पांढऱ्या रंगाचे पट्टे आहेत. इतकी वर्षं किल्ली सांभाळून मला ते कधी दिसले नव्हते.

"हे काय?"

"मजले. इथून लिफ्ट दिसत नाही ना, म्हणून दोरालाच विचारायचं." ते बोटाने दाखवतात. पहिल्या दोरावर पट्टा असला तर एक धरायचा, दुसऱ्यावर असला तर दोन, तिसऱ्यावर असला तर चार. पट्टे ज्या दोरांवर असतील त्यांची बेरीज म्हणजे मजला. पहिल्या आणि दुसऱ्यावर पट्टा म्हणजे तिसरा मजला. फक्त तिसऱ्यावर म्हणजे चौथा. तिन्हींवर म्हणजे सातवा. तळमजल्याला पिवळा. पट्टा बैठकीवरच्या खुणेच्या रेघेशी जुळला की लिफ्टची फरशी आणि मजल्याची लादी एका पातळीत. मी मनात मांडून पाहतो. तीन दोरांत बरोबर सात मजले बसतात. संगणकात आकडे ज्या रीतीने साठवतात तीच ही रीत, आणि इथे ती रंगाच्या डबीतून उतरली आहे.

"हलवतो," मिस्त्री फोनकडे पाहून म्हणतात. फोन माझ्या हातात आहे. खालून पोराचा आवाज, मग आजींचा बारीक आवाज, मग पुन्हा पोराचा. "बरं म्हणाल्या, काका."

ब्रेकची दांडी ते दाबतात, हत्तीच्या कानाला हात लावावा इतक्या बेताने. दुसरा तळवा मोटरच्या हातचाकावर. चाक आपणहून फिरू लागतं. वर जायला जोर लागत नाही, कारण दोराच्या दुसऱ्या टोकाला लोंबणारं वजन रिकाम्या लिफ्टपेक्षा जड ठेवलेलं असतं: रिकामी केबिन अधिक तिच्या भाराच्या साधारण निम्मं. आमच्या केबिनमधल्या पाटीवर सहा माणसं, ४०८ किलो असं लिहिलंय, म्हणजे माणशी ६८. आजी एकट्या. त्यांच्यापेक्षा ते वजन जड, म्हणून ब्रेक सुटला की केबिन वरच सरकणार. हे माहीत असलेला माणूस त्यांना खाली खेचायला जात नाही.

ब्रेक सोडतात, धरतात. सोडतात, धरतात. तिसऱ्या दोरावरचा पांढरा पट्टा बोटभर, बोटभर करत रेघेकडे येतो. जुळतो. दांडी सुटते, ब्रेक खटकन बसतो.

"उघड."

फोनमधून गेटचा खडखडाट येतो आणि मग आजींचा आवाज, आता मोठा. "दूध नासलं नाही म्हणजे मिळवली."

लिफ्ट तुटून पडते ही भीती मात्र फार जुनी आहे. ती घालवायला अमेरिकेत एलिशा ओटिस नावाचा कारागीर १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनात उंचावरच्या फळीवर स्वतः उभा राहिला आणि लोकांसमोर त्याने दोर कापायला लावला. फळी जरा खाली आली आणि अडकून थांबली. आमच्या केबिनच्या तळाशीही तशीच पकड आहे. लिफ्ट ठरलेल्या वेगापुढे धावली की मशीनरूममधला गव्हर्नर ही पकड ओढतो आणि ती दोन्ही रुळांना चावते. दोर तुटून लिफ्ट पडणं जवळजवळ ऐकायला मिळत नाही. अपघात होतात ते बहुतेक दरवाजापाशी: लिफ्ट नसताना दरवाजा उघडतो, किंवा दरवाजा उघडा असताना लिफ्ट चालते. आजची पुढची सगळी सकाळ याच एका गोष्टीभोवती फिरते.

पोरगा वर येतो. खाली जिन्यात माणसं जमली आहेत, त्यांचे आवाज येताहेत. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ गच्चीच्या दारापर्यंत येऊन सांगून जातात, "मिस्त्री, दुपारी पाहुणे आहेत हो. तात्पुरती का होईना, चालू करून द्या." मिस्त्री मान हलवतात, 'हो' म्हणून नाही, ऐकलं एवढंच.

फ्यूज लागतात. मेन वर होतो. मिस्त्री पोराला पॅनेलसमोर उभं करतात आणि म्हणतात, "डोळे मिट."

पोरगा माझ्याकडे बघतो, मग मिटतो. खाली वॉचमन बटण दाबतो. पॅनेलमधून टक् असा आवाज येतो. मग एक बारीक गुणगुण, डबीत माशी अडकल्यासारखी. मग काहीच नाही.

"किती टक् झाले?"

"एक."

"चालू लिफ्टला किती होतात?"

"तीन."

"बरोबर. पहिला टक् बटणाचा. दुसरा दरवाजांचा. तिसरा मोठा, ठक्, तो मोटरचा. आणि त्याच्यासोबत ब्रेक सुस्कारा सोडतो. आपला दुसराच आला नाही. रिले गुणगुणतोय, म्हणजे वीज पोचतेय, पण ओढायला पुरत नाहीये. म्हणजे मोटर सोड, ब्रेक सोड, बटणं सोड. दरवाजांच्या साखळीत काहीतरी आहे."

डोळे न उघडता पोराने निम्मी लिफ्ट बाजूला काढली आहे. मिस्त्रींना त्यांच्या उस्तादाने हे असंच शिकवलं, अंधारात उभं करून. ते म्हणतात की बिघडलेली लिफ्ट आधी ऐकायची, मग वास घ्यायचा, मग हात लावायचा. जळलेल्या कॉइलचा वास आणि घासलेल्या ब्रेकच्या पट्टीचा वास वेगळा. एकदा मीरा रोडला एका पॅनेलमधून भाजल्याचा वास आला, कॉन्टॅक्टर उघडला तर आत पाल चेमटलेली. ती काढली, लिफ्ट सुरू. त्या दिवसापासून ते पॅनेलच्या तळाची वायरची भोकं चिंधी कोंबून बंद करतात. आमच्याही केली आहेत.

आता पोरगा पिशवीतून डिजिटल मीटर काढतो. नवा आहे, पिवळा, त्याने पहिल्या पगारातून घेतलेला. रिलेच्या टोकांपासून वायर सोडवून तो टोकं लावतो. "काका, १०६ व्होल्ट येतायत. कंट्रोलचे ११० हवेत, म्हणजे जवळजवळ पूर्ण. साखळी ठीक आहे. रिलेच गेलाय."

मिस्त्री काही बोलत नाहीत. ते आपल्या पिशवीतून एक गोष्ट काढतात: औषधाच्या गोळ्यांच्या पारदर्शक प्लॅस्टिक डबीत बसवलेला पंधरा वॅटचा झिरोचा बल्ब, त्याला दोन लांब वायरी, वायरींच्या टोकाला सायकलचे आरे घासून केलेल्या सुया, सुयांवर टोकापर्यंत रबराची नळी. सिरीज लॅम्प म्हणतात त्याला. पॅनेलसमोरच्या फळीवर उभे राहतात. डावा हात पाठीमागे, पँटच्या मागच्या खिशात. उजव्या हाताने एक सुई पकडीत अडकवतात, दुसरी तिथेच टेकवतात जिथे मीटरने १०६ दाखवले.

दिवा लागत नाही. नीट पाहिलं तर तारेत फक्त लाल रेघ दिसते, उदबत्तीच्या टोकाएवढी.

"मीटर तोंडी विचारतो, तू आहेस का? वीज म्हणते, आहे. दिवा म्हणतो, असशील तर माझं काम करून दाखव."

मला हे थोडं समजायला वेळ लागतो, पण समजल्यावर पक्कं बसतं. मीटर इतका हलका की तो जवळजवळ वीज खातच नाही. गंजलेल्या जोडातूनही त्याला पुरेल तेवढी झिरपते, आणि तो आकडा पूर्ण दाखवतो. दिवा वीज ओढतो. ओढ लागली की गंजलेला जोड दम तोडतो, आणि दिवा विझतो. रिलेही ओढतो, म्हणून तो नुसता गुणगुणला. मीटर खोटं बोलत नव्हता. त्याला प्रश्नच हलका विचारला होता. मिस्त्री मीटर टाकाऊ मानत नाहीत. त्यांच्याही पिशवीत एक आहे. पण जोड तपासायचा तर दिवा, हे त्यांचं ठाम मत, आणि आज ते माझ्या डोळ्यांसमोर खरं ठरतंय.

"आता साखळीत किती ठिकाणं आहेत?"

पोरगा बोटांवर मोजतो. गव्हर्नरचा एक. वरचा लिमिट, खालचा लिमिट. खड्ड्यातला. सेफ्टीच्या पकडीचा. केबिनच्या छतावरचा स्टॉप, आतला स्टॉप, केबिनच्या गेटचा. आठ. मग तळमजला धरून आठ मजल्यांच्या दरवाजांची आठ कुलपं. "सोळा."

"एकापासून सुरू केलंस तर पंधरा वेळा दिवा लावशील. दिवा अर्ध्यावर लाव."

पोरगा फळीवर चढतो. डावा हात खिशात घालायला विसरतो, मिस्त्री नुसतं बघतात, हात खिशात जातो. (एकच हात पॅनेलमध्ये असला तर शॉक बसला तरी तो छातीतून आरपार जायची शक्यता कमी.) केबिनच्या गेटनंतरच्या स्क्रूला सुई लागते. दिवा पिवळा, छान लागतो. ११० व्होल्टवर तो एवढाच लागायचा. पहिली आठ ठिकाणं सुटली.

उरली आठ कुलपं, सातव्या मजल्यापासून खाली. त्यांच्या अर्ध्यावर, चौथ्यानंतर. पिवळा. वरचे चार मजले सुटले.

दुसऱ्यानंतर. लाल रेघ.

तिसऱ्यानंतर. लाल रेघ.

"तिसरा मजला," पोरगा म्हणतो. चार वेळा दिवा, सोळातलं एक ठिकाण. त्याच्या चेहऱ्यावर जो उजेड आहे तो मी बरेच दिवस विसरणार नाही. खात्रीसाठी मिस्त्री वॉचमनला तिसऱ्या मजल्याचं बंद गेट बाहेरून हलवायला सांगतात. तिकडे जाळी खडखडते, इकडे पॅनेलमधला रिले तडफडतो. टक्, टक्, गुण, टक्.

नव्या लिफ्टमध्ये हे सगळं लागत नाही, असं लोक म्हणतात. तिथे पडद्यावर कोड येतो. पण पुष्कळ पॅनेलवर तो कोड एवढंच सांगतो की दरवाजांची साखळी तुटली आहे. कोणत्या मजल्यावर, ते शोधायला माणूसच लागतो, आणि वीस मजल्यांच्या टॉवरमध्ये अर्ध्यावर दिवा लावणं आणखीच कामाला येतं.

आता तिसऱ्या मजल्याच्या कुलपापर्यंत पोचायचं. ते शाफ्टच्या आतल्या बाजूला असतं, म्हणून केबिनचं छत पायाखाली हवं. त्यासाठी चौथ्यावरची लिफ्ट दुसऱ्यावर आणायची, मग तिचं छत तिसऱ्याच्या लादीखाली दोनेक फुटांवर येतं. पण साखळी तुटलेली असताना लिफ्ट विजेवर हलत नाही.

पोरगा खिशातून काळ्या वायरचा वीतभर तुकडा काढतो. दोन्ही टोकं सोललेली, कुलूप वगळून साखळी जोडायला. "काका, जंपर टाकू? तिसऱ्याच्या दोन स्क्रूंवर. दोन मिनिटांत लिफ्ट खाली."

मिस्त्री तो तुकडा त्याच्या हातातून घेतात. ओरडत नाहीत. पॅनेलला पाठ करून उभे राहतात.

"मी तुझ्याएवढा होतो तेव्हा एका इमारतीत बोलावणं आलं. दरवाजा उघडला आणि लिफ्ट तिथे नव्हती. मी पोचलो तेव्हा माणसाला नेलं होतं. पॅनेल उघडलं. जंपर तसाच होता." थोडं थांबून, "एवढाच होता. काळा."

पुढे ते काही सांगत नाहीत आणि पोरगाही विचारत नाही. फ्यूज पुन्हा खिशात जातात. लिफ्ट हातानेच खाली आणायची.

आता काम उलटं आहे. रिकामी केबिन खाली न्यायची म्हणजे ते जड वजन वर चढवायचं. मिस्त्री दांडीने ब्रेक उघडा धरतात, पोरगा दोन्ही हातांनी चाक फिरवतो. मोटरचे चाळीस फेरे म्हणजे पुलीचा एक. पुलीचा एक फेरा म्हणजे दोर दोन मीटरला थोडा कमी. दोन मजले, सहा मीटर. "सव्वाशे फेरे," मिस्त्री म्हणतात, "मोज." दर दहा फेऱ्यांनी ते ब्रेक बसवतात आणि पोराला श्वास घेऊ देतात. खोलीत पंखा नाही. पोराचा शर्ट पाठीला चिकटलाय.

त्या वेळात मिस्त्रींचा दुसरा हात रिकामा नाही. एका हाताने ब्रेक, दुसऱ्या हातात कापसाच्या सुताचा वेस्ट. दोर पुलीपासून सुटून खाली जातो त्या बाजूला ते तो वेस्ट दोराभोवती अलगद धरतात. दोर त्यातून सरकत राहतो. अठ्ठ्याऐंशीव्या फेऱ्याला सूत कुठेतरी अडकतं, एक धागा दोराबरोबर निघून जातो. "थांब." टॉर्च. पहिल्या दोरातली एक बारीक तार तुटून केसासारखी बाहेर आली आहे. दोरात शंभराहून जास्त तारा असतात, एकीने काही होत नाही. पण ते जागेवर खडूची खूण करतात. पुढच्या महिन्यात तिथे तीन झाल्या तर कळायला हवं. सूत जिथे अडकतं तिथे डोळा जातोच असं नाही, म्हणून सूत. मला आईची आठवण येते. तांब्याच्या काठाला चीर गेली आहे का हे ती पदर फिरवून बघायची.

एकशे बाविसाव्या फेऱ्याला दुसऱ्या दोरावरचा पट्टा रेघेशी येतो.

तिसऱ्या मजल्यावर मिस्त्री किल्लीने दरवाजा उघडतात. आधी टॉर्चने छत बघतात, मग वाकून छतावरचं लाल बटण दाबतात, मग पाय टाकतात. मी लादीवर, भिंतीला टेकून. पोरगा टॉर्च धरून. कुलपाच्या झाकणाचे चार स्क्रू निघतात, आणि आत जे दिसतं ते पाहून कुणाच्याही लक्षात येईल. तांब्याच्या दोन पट्ट्या, आणि दोन्हींवर हिरवा कळंक. न घासलेल्या देवाच्या उपकरणांवर चढतो तसा. झाकणाच्या कडेने तपकिरी ओघळ.

मिस्त्री पट्ट्या घासायला घेत नाहीत. ते त्या ओघळावर बोट ठेवतात आणि बोट वर नेतात. ओघळ चौकटीवर जातो, चौकटीवरून बाहेर भिंतीवर, भिंतीवरून जिन्याच्या खिडकीकडे. खिडकीची काच नाही. मी रोज इथून चढतो, मला ती काच नाही हे आज कळतंय. पश्चिमेचा पाऊस, खारा वारा, सरळ लिफ्टच्या दरवाजावर. "काच बसवा," ते मला म्हणतात. "नाहीतर मी श्रावणात पुन्हा येईन."

मग साफसफाई. आधी झिरो नंबरचा पॉलिश पेपर, तोही दोनच फिरक्या, नाहीतर तांबं झिजतं. पूर्वी यासाठी सीटीसी नावाचं द्रव वापरायचे. ते लिव्हरला वाईट आणि ओझोनच्या थरालाही वाईट. मॉन्ट्रियल करारामुळे भारतात २०१० पर्यंत त्याचा असा वापर थांबला. आता मिस्त्रींकडे लग्नपत्रिका असतात. जाड, गुळगुळीत, रेषा नसलेल्या. पत्रिकेची बोटभर पट्टी कापून ते ती दोन पट्ट्यांच्या मध्ये घालतात, संपर्क बंद करतात आणि पट्टी ओढतात. कागदावर काळी-हिरवी रेघ. नवी पट्टी. फिकी रेघ. नवी. स्वच्छ. शेवटच्या ओढीला कागद जरा अडतो, तसा अडायलाच हवा. सहज सुटला तर स्प्रिंग ढिली. "नवराबायकोचं नाव वाचतोस काय, जोर बघ," ते पोराला म्हणतात आणि पट्टी त्याच्या बोटात देतात. पोरगा ओढून बघतो. त्याच्या बोटांना तो जोर आता कळला.

झाकणाखाली सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून बसते, पाणी आत जाऊ नये म्हणून. चार स्क्रू परत.

मशीनरूम. फ्यूज. मेन. डोळे मिटून.

टक्. टक्. ठक्, आणि ब्रेकचा सुस्कारा.

खाली जिन्यात कुणीतरी टाळी वाजवतं. पण मिस्त्री लिफ्ट अजून मोकळी करत नाहीत. वॉचमनला प्रत्येक मजल्यावर पाठवतात. लिफ्ट चालू असताना त्या मजल्याचं गेट उघडण्याचा प्रयत्न करायचा. उघडायला नको. लिफ्ट मजल्यावर उभी असताना गेट दोन बोटं उघडं ठेवून आतून बटण दाबायचं. चालायला नको. आठही मजल्यांवर. तिसऱ्यावर दोनदा. दरवाजा लिफ्ट चालवायला नीट आहे हे टक्-टक् ने कळलं. दरवाजा लिफ्ट थांबवायलाही नीट आहे, हे वेगळं तपासावं लागतं. दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ आता काही बोलत नाहीत, ते स्वतःच वॉचमनबरोबर मजले करताहेत.

तेवढ्यात मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावतात आणि टोक मोटरच्या बेअरिंगवर टेकवतात. पोरालाही ऐकायला देतात, मग मलाही. आत अखंड, भरीव घूं. "नदीसारखा आला तर चांगला. वाळू ऐकू आली तर उघडायचा." मग लिफ्ट थांबवून गियरपेटीची काडी काढतात, तेलाचा थेंब अंगठा आणि बोटात चोळतात, टॉर्चखाली धरतात. गियरचं मोठं चाक कांशाचं असतं. ते झिजलं तर तेलात सोनेरी चमक येते. आज नाही.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्या आठवड्यात मिस्त्री इकडे लिफ्टच्या खड्ड्यांतून बादल्यांनी पाणी काढत होते. तेव्हापासून त्यांचं वॉचमनांना एकच सांगणं असतं, ते आजही निघताना सांगतात: पाणी आवारात शिरू लागलं की लिफ्ट वरच्या मजल्यावर न्या आणि मेन बंद करा. कुणी कितीही आग्रह केला तरी.

साडेबारा होत आलेत. खाली वॉचमनच्या टेबलावर लिफ्टची वही आहे. मिस्त्री पोरालाच लिहायला लावतात. तो सावकाश लिहितो: तिसरा मजला, दरवाजाच्या कुलपाचा संपर्क कळकला होता, साफ केला, ट्यूबचं रबर लावलं. पहिल्या दोरात एक तार तुटली, खूण केली. जिन्याची काच बसवणे. जंपर वापरला नाही. आठ दरवाजे तपासले.

मिस्त्री सही करतात. मग स्वतःच्या पिशवीतला जंपर काढून पोराला दाखवतात. हातभर लांब, लालभडक, आणि एका टोकाला त्यांच्या स्कूटरची किल्ली तारेने बांधलेली. दुसऱ्या कुठल्या तपासणीसाठी तो कधी लावावा लागलाच, तर काढल्याशिवाय त्यांना घरी जाता येत नाही. पोराचा काळा तुकडा ते पकडीने चार जागी कापतात आणि कचऱ्याच्या डब्यात टाकतात. "उद्या लाल वायर आण. आणि तुझ्या गाडीची किल्ली."

आजी लिफ्टनेच पाचव्यावर जातात. मी काचवाल्याला फोन लावलाय.

तुमच्या इमारतीतही अशी एक वही असेल. आज खाली उतरलात तर ती उघडून बघा. आणि लिफ्ट बंद पडली असताना मशीनरूममध्ये कुणी माणूस काम करत असेल, तर त्याला 'तात्पुरती चालू करून द्या' एवढं मात्र म्हणू नका.